शाळेचा खाडा

फेब्रुवारी सरत आला तशी चाकणच्या बाजारात कांद्याची आवक वाढली. दिवस उजाडायच्या आत रस्त्यावर ट्रॅक्टर-टेम्पोची रांग लागायची, आणि त्याच रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन हॉर्न वाजवत वाट काढायच्या. मंजुळा त्या गर्दीतून कडेकडेनं चालत कोंडाजी आडत्याच्या शेडवर यायची. मागच्या हंगामात ती एकटी यायची. यंदा तिच्या मागोमाग तिची लेक दिपाली असायची. अंगात शाळेचाच निळा ड्रेस, कारण अंगभर असा दुसरा धड कपडा नव्हता.

शेडमध्ये कांद्याचा ढीग पडलेला असायचा आणि बायका त्याच्याभोवती पोतं टाकून बसायच्या. मोठा कांदा एकीकडं, मधला एकीकडं. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी. जोड निघालेला, सडका, कोंब फुटलेला पाठीमागं फेकायचा. हात सारखे चालायचे. पापुद्रे उडून केसांत, भुवयांत, ओच्यात जाऊन बसायचे. दुपारी पत्रा तापला की खालचा वास वर यायचा आणि नवी बाई असली तर तिला मळमळायचं.

दिपालीचा हात चार दिवसांत बसला. तेरा वर्षांची पोर, पण बोटं चलाख. केसरबाई म्हणायची, "हिला सांगावं लागत न्हाई गं. नुसत्या हातानं वळखती."

केसरबाई इथलीच, गावची. जमीन कंपनीत गेली तरी तिला घरी बसवत नव्हतं.

मंजुळाला ते कौतुक ऐकून बरं वाटायचं नाही. शाळा सुटायच्या वेळेला दिपाली न चुकता उठायची. "पाणी पिऊन येते," म्हणायची आणि गोण्यांच्या थप्पीमागं जायची. तिथून रस्ता दिसायचा. पोरं दप्तरं हलवत, एकमेकांना ढकलत जायची. दिपाली तोंड पुसत परत यायची आणि कांदा हातात घ्यायची. पाणी प्यालेली असायची की नाही, देव जाणे.

संक्रांतीनंतरची गोष्ट. शाळेत प्रार्थना चालू असताना दिपाली उभ्या उभ्या पडली. हात वाकडे झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. याआधी दोनदा घरी असं झालं होतं आणि दवाखान्यातून गोळ्याही आणल्या होत्या. मग परभणीकडं गावी लग्नाला गेले, तिथं गोळ्या राहिल्या, आणि पोर बरी दिसते म्हणून पुढंही राहिल्याच. मुख्याध्यापक हरिहर सरांनी नवनाथला, तिच्या बापाला, बोलावून घेतलं. चांगलं बसवून, चहा पाजून सांगितलं, "पूर्ण बरी झाली की पाठवा. शाळेला जिना आहे, हौद आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

पूर्ण बरी म्हणजे किती बरी, हे नवनाथनं विचारलं नाही. तो साहेबासमोर नेहमी उभा राहतो तसा तिथंही मान हलवून आला.

शेडवर तो प्रकार झाला तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. दिपाली आधी गप्प झाली. हातातला कांदा हातातच राहिला. मंजुळानं "दिपे" म्हणून हाक मारली तोवर ती आडवी झाली होती, ढिगातच. कांदे गडगडत खाली आले.

"फेफरं आलं! कांदा फोडा, कांदा!" कुणीतरी ओरडलं.

कांद्याला काय तोटा. तीन-चार बायकांनी एकदमच फोडला. एकीनं दिपालीचं डोकं धरलं, एकीनं पाय दाबले, एकीनं फोडलेला कांदा नाकावर असा चोळला की रस डोळ्यांत गेला. एकजण दातांत चमचा घालायला धावली. मंजुळा मधे शिरायला बघत होती आणि बायका तिलाच मागं सारत होत्या. "तू हो बाजूला, आईला बघवत न्हाई."

आपसूक यायचं तसं ते आलं आणि आपसूक गेलं. दिपाली सैल पडली. ड्रेस ओला झाला होता. बायकांना वाटलं कांद्यानं काम केलं.

कोंडाजी वजनकाट्यापासून धावत आला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं पोरीला सावलीत नेऊन निजवायला लावलं, उसाचा रस मागवला. मग मंजुळाला एका बाजूला घेतलं.

"वहिनी, उद्यापासून पोरीला आणू नका."

"दादा, घरी कुणापाशी ठेवू?"

"ते मला कसं कळायचं? इथं ट्रॅक्टर मागं घेतात, काटा आहे, विळे आहेत. कुठं काय झालं तर मी काय सांगू? तुम्ही या. तुम्हाला कोण नको म्हणतंय?"

त्या संध्याकाळी दिपाली आईचा हात धरून घरी आली. वाटेत एकदाच बोलली. "मला लई लोकांनी बघितलं का?"

"नाही गं, कोणीच नाही," मंजुळा म्हणाली.

त्यांची खोली वस्तीत होती. एका ओळीत बांधलेल्या दहा-बारा खोल्या, पुढं मोरी, वर सिमेंटचा पत्रा. नवनाथ कंपनीत ठेकेदाराकडून प्रेस मशीनवर होता. रात्रपाळी करून सकाळी आला तेव्हा मंजुळानं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. तो चहा हातात धरून बसला. प्रेसवर काम करून त्याच्या बोटांना बारीक कंप सुटायचा, तो कपातल्या चहालाही दिसायचा.

"घरीच राहू दे," तो म्हणाला.

"एकटी?"

"मी हायच की दिवसा."

"तुम्ही झोपता. पडली तर ऐकू येतं का तुम्हाला? आणि पाळी बदलली की?"

"मग काय करू? काम सोडू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. त्यानं शेजारच्या खोलीकडं बघितलं. "हळू बोल. चार लोकांत गेलं की पुढं हिला कोण करून घेईल? गावाकडं नेऊन आईपाशी ठेवू म्हणतो."

"तिथं शाळा हाय का सातवीची?"

"आता कशाची शाळा घेऊन बसलीस," नवनाथ म्हणाला. पण बोलून झाल्यावर तो बराच वेळ त्या वाक्याकडंच बघत असल्यासारखा बसला. पोरगी बारावी शिकून कंपनीत क्वालिटी तपासायला बसेल, एसीत, स्वच्छ कोट घालून, हे त्यानंच कितीदा बोलून दाखवलं होतं.

त्याची दिवसपाळी लागली तेव्हा मंजुळानं बाहेरून कुलूप घातलं. रस्ता जवळ, गाड्या सुसाट, पोर एकटी बाहेर पडायला नको. स्टोव्ह वर फळीवर ठेवला, पाण्याची बादली मोरीपासून हलवली, भाकरी झाकून ठेवली. "गोळी खाल्लीस ना? झोप हवं तर. मी आलेच."

दिपालीनं मान हलवली. कुलूप लागताना आतून काही आवाज आला नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मंजुळाला शेडपर्यंत वाटत राहिलं.

शेजारची बाई मग सांगायची, तुमची पोर खिडकीच्या गजाला धरून उभी असते. शाळेतून रुपाली यायची. दिपालीच्या बाकावर बसणारी मैत्रीण, पुढच्या चाळीतली. सुरुवातीला ती खिडकीपाशी थांबायची, आज काय शिकवलं ते सांगायची. मग तिच्या आईनं बघितलं आणि एक दिवस हाताला धरून ओढत नेलं. त्यानंतर रुपाली पलीकडच्या अंगानं जाऊ लागली. जाताना मान खाली घालायची. दिपाली मात्र उभी राहायची तशीच राहिली.

एका संध्याकाळी मंजुळानं कुलूप काढलं तर दिपाली दारामागंच पडलेली. शुद्धीत होती, पण उठत नव्हती. एक गाल फरशीला घासून सोलला होता. जिभेचं रक्त हनुवटीवर वाळलेलं. कधी झालं, किती वेळ पडली होती, तिला सांगता येईना. दाराच्या फळीवर आतून रक्ताची बोटं उमटली होती. शुद्धीवर आल्यावर तिनं दार उघडायला बघितलं असणार.

मंजुळानं कुलूप उचललं आणि समोरच्या गटारात टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कामाला खाडा केला. स्टोव्हवर पाणी तापवलं, पोरीला पाटावर बसवून डोक्यावरून न्हाऊ घातलं. केसांतून अजून कांद्याचे पापुद्रे निघत होते. गालाला साबण लागू नये म्हणून ती हात आडवा धरत होती.

"शाळेत जाते का?" तिनं विचारलं.

"नको."

"कामून नको? खिडकीत तर उभी राहतीस."

मंजुळानं पाणी ओतलं, केस पिळले. पोरीची पाठ थरथरायला लागली. मंजुळाला वाटलं फिटच येते की काय. पण ती रडत होती.

"त्यांनी माझ्या नाकाला चप्पल लावली होती," दिपाली म्हणाली. "जाग आली तेव्हा चप्पल तोंडावरच होती. सगळी शाळा रांगेत उभी होती. माझा ड्रेस ओला झाल्ता. पोरं हसत होती. मला आता तिथं सगळे तसंच बघतील."

तिच्या माहेरी अशा माणसाला चप्पलच लावायचे. घरी पहिल्यांदा दिपाली पडली तेव्हा नवनाथनं उचलली होती ती चप्पलच, आणि मंजुळानंच ती हातात दिली होती. तिनं पोरीला ओल्या अंगानंच जवळ ओढलं. लुगडं भिजलं.

"तुला जायचं तर हाय ना?" तिनं विचारलं.

"हाय," दिपाली म्हणाली. एवढंच, पण आईच्या छातीत तोंड खुपसून.

मार्च निम्मा सरला होता, शाळा सकाळची झाली होती. मंजुळा शाळेत गेली तेव्हा हरिहर सर कार्यालयात होते आणि समोरच्या खुर्चीवर सातवीच्या वर्गशिक्षिका नीलिमा बाई बसल्या होत्या. दिघीहून स्कूटरवर यायच्या. तिशीच्या असतील. मंजुळा उभीच राहिली. तिच्या अंगाला कांद्याचा वास येतो हे तिला एकदम आठवलं आणि ती जरा मागं सरकली.

"बरी झाली का?" सरांनी विचारलं.

"बरं व्हायला वेळ लागतो म्हणतेत, सर. गोळ्या चालू केल्यात पुन्हा. पण तवर ती घरात बसून मरंल."

"बाई, तुम्ही समजून घ्या. पालक येतात माझ्याकडं. म्हणतात, आमच्या पोरांना ते लागेल. त्यांचं तोंड मी कसं धरू?"

"लागत नाही ते."

"मला माहीत आहे हो. त्यांना कोण सांगणार?"

मंजुळा एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "सर, पोरीच्या तोंडाला चप्पल कुणी लावली?"

सर टेबलावरचे कागद सरळ करू लागले. बाहेर पोरं पाढे म्हणत होती.

"माझी होती ती चप्पल," नीलिमा बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सगळे ओरडत होते. आमच्याकडं लहानपणी असंच करताना बघितलेलं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"म्या पण लावली हाय घरी," मंजुळा म्हणाली. "म्या भांडाय नाही आले, बाई. पण तिला जाग आली तेव्हा पहिलं तेच दिसलं. ती म्हणते, आता सगळे तसंच बघतील."

नीलिमा बाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही दवाखान्यात कधी जाणार आहात?" त्यांनी विचारलं.

पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात गर्दी होती. भोसरीत गाडी बदलून मायलेकी पोचल्या तर नीलिमा बाई आधीच दारात उभ्या, हातात हेल्मेट. दिपाली त्यांना बघून आईच्या मागं गेली. बाईंनी तिला जवळ ओढलं नाही की काही विचारलं नाही. बाकावर तिच्यासाठी जागा केली आणि आपण उभ्या राहिल्या.

आतले डॉक्टर याआधी मंजुळाशी कधी वर बघून बोलले नव्हते. गोळ्या लिहायच्या, पुढचा नंबर. आज शिक्षिका आल्या आहेत म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बरंच काही सांगितलं, निम्मं इंग्रजीतून. मंजुळा दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली. आपल्याच लेकराचं दुखणं आपल्या डोक्यावरून कुणाला तरी सांगतात, हे तिला टोचलं. पण ती हलली नाही. कुणाला का होईना, सांगू दे.

बाहेर आल्यावर नीलिमा बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "बसा," म्हणाल्या. "मी सांगते. माझं चुकलं तर पुढच्या वेळी त्यांना विचारू."

मग त्यांनी सांगितलं. डोक्यातली वीज काही वेळ भलतीकडं धावते, तेवढंच असतं ते. कुणाचं कुणाला लागत नाही. फिट आली की आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. नाकाला काही लावायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र दवाखान्याची गाडी बोलवायची. गोळी चुकू द्यायची नाही, झोप मोडू द्यायची नाही.

"शाळा?" मंजुळानं विचारलं.

"शाळेत जायला काहीच हरकत नाही म्हणाले. उलट, घरी कशाला ठेवली म्हणून मलाच रागावले."

दिपाली इतका वेळ पायरीवरच्या धुळीत बोटानं रेघा ओढत होती. आता तिनं मान वर केली. "वर्गातल्यांना कोण सांगणार हे?"

"मी," नीलिमा बाई म्हणाल्या. "तू यायच्या आधी सांगू की तू असताना?"

दिपालीनं आईकडं बघितलं. मंजुळानं पदर सारखा केला. हे पोरीनंच सांगायचं होतं.

"आधी," दिपाली म्हणाली. "आणि चप्पल लावायची नसते, ते पण सांगा."

"ते सगळ्यात आधी सांगेन."

वर्गात काय झालं ते मंजुळानं बघितलं नाही. तिला नंतर कळलं, ते असं की बाईंनी पोरांना सगळं सांगितलं, पालकांनाही बोलावलं. थोडेच आले. रुपालीची आई आली आणि मधूनच उठून गेली. हरिहर सरांनी मात्र शेवटपर्यंत बसून ऐकलं, आणि मग शिपायाला हौदावर झाकण टाकायला लावलं.

दिपाली शाळेत जाऊ लागली. पहिले दिवस ती बाकावर एकटीच बसली. रुपाली पलीकडच्या बाकावर. घरी आल्यावर मंजुळा विचारायची, "आज कोण बोललं?" दिपाली कधी म्हणायची, "बोलले की." कधी नुसतीच भाकरी खायची. एकदा म्हणाली, "रुपालीनं पट्टी मागितली." आणि त्या दिवशी तिनं एक भाकरी जास्त खाल्ली.

मंजुळाचं शेडवर लक्ष लागत नव्हतं. निळा ड्रेस दिसला की हात थांबायचे. फोन ओच्यात बांधलेला असायचा, तो वाजला नाही तरी ती काढून बघायची. तिला वाटायचं, पोर इथं हाताशी होती तेच बरं होतं. आणि तसं वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

परीक्षा तोंडावर आली असताना फोन खरंच वाजला. नीलिमा बाई होत्या. "घाबरू नका. आली होती, थांबली आहे. तुम्हाला कळवायचं म्हणून—"

मंजुळानं पुढचं ऐकलं नाही. तशीच उठली, पायांत चपला घालायचंही राहिलं. डांबर तापलं होतं. एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली, ड्रायव्हर काहीतरी ओरडला. शाळेच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा तिला आवार गलक्यानं भरलेलं दिसेल असं वाटत होतं. आवारात कोणी नव्हतं.

सातवीच्या दारात ती थांबली. फळ्यावर गणित होतं आणि नीलिमा बाई हळू आवाजात शिकवत होत्या. मागच्या भिंतीशी सतरंजी टाकली होती. त्यावर दिपाली कुशीवर झोपली होती, डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर घडी करून ठेवलेला. अंगात निळा ड्रेस नव्हता, दुसराच कसला तरी सैल, फुलाफुलांचा होता. तिच्या शेजारी भिंतीला टेकून रुपाली बसली होती, मांडीवर वही, आणि फळ्यावरचं उतरवून घेत होती. पोरांनी मंजुळाकडं बघितलं. एका पोरानं ओठांवर बोट ठेवलं.

मंजुळा उंबऱ्यातच खाली बसली. पायांना फोड आले होते ते तिला आता कळलं.

थोड्या वेळानं दिपालीनं डोळे उघडले. आधी छताकडं बघितलं, मग रुपालीकडं, मग दाराकडं. आई आहे हे ओळखायला तिला वेळ लागला.

"चल घरी," मंजुळा म्हणाली. "उचलू का?"

दिपाली उठून बसली. डोकं दुखत असावं, तिनं कपाळ दाबलं. अंगातला ड्रेस बघितला आणि ती लाजली. नीलिमा बाई जवळ आल्या. "माझा आहे. कपाटात ठेवलेला असू दे म्हटलं. तुझा धुवून वाळवू."

"आई, तू कशाला आलीस?" दिपाली म्हणाली. "तुझा खाडा पडला ना."

"पडू दे. चल, निजशील घरी."

दिपालीनं फळ्याकडं बघितलं. रुपालीनं वही तिच्याकडं सरकवली. वर्ग वाट बघत होता, पण तिच्याकडं टक लावून कोणी बघत नव्हतं. कुणी पेन्सिलीला टोक करत होतं, कुणी खिडकीबाहेर बघत होतं.

"हे एवढं गणित होऊ दे," दिपाली म्हणाली. "तू जा ना आता. मी येते शाळा सुटल्यावर."

मंजुळाचे हात तिच्यासाठी पुढं झाले होते, ते तसेच परत आले. बाईंनी पिशवीत घातलेला ओला ड्रेस तिनं घेतला. फाटकापर्यंत गेल्यावर तिनं एकदा मागं वळून बघितलं. वर्गातलं दिसत काहीच नव्हतं. बाईंचा आवाज मात्र ऐकू येत होता.

शेडच्या नळावर तिनं ड्रेस धुतला, पिळला आणि गोण्यांच्या थप्पीवर उन्हात पसरला. मग आपल्या पोत्यावर येऊन बसली. केसरबाईनं तिच्या पायांकडं बघितलं, ड्रेसकडं बघितलं.

"काय झालं गं? पोरगी कुटं हाय?"

मंजुळानं ढिगातला एक कांदा उचलला. हाताला तो ओळखू येईना, मोठ्यात टाकावा की मधल्यात. ती तसाच धरून बसली.

"शाळंत हाय," ती म्हणाली.